एकाच पूर्वजाची दोन स्थाने

वंशवृक्ष मांडताना प्रत्येक पिढीला पूर्वजांची संख्या दुप्पट होते. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. या हिशेबाने ३० पिढ्या मागे गेल्यास एकाच माणसाचे त्या पिढीतील पूर्वज १०७ कोटींवर जातात. एका पिढीला २५ वर्षे धरली, तर हा काळ सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचा येतो. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्या ५० कोटीही नव्हती. मग इतके पूर्वज आले कोठून?

वंशवृक्षात स्थाने तेवढी असली, तरी माणसे तेवढी नसतात. एकच व्यक्ती अनेक स्थानी येते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे. अशा दांपत्याच्या अपत्याची वडिलांकडील आजी आणि आईकडील आजोबा ही सख्खी भावंडे असतात. त्यामुळे त्यांचे आईवडील दोन्ही बाजूंना मोजले जातात आणि आठ पणजी-पणजोबांऐवजी सहाच भरतात.

विवाहाचे वर्तुळ जितके लहान, तितकी ही पुनरावृत्ती लवकर घडते. कोलकात्यातील जोडासांको येथील ठाकूर घराणे वैभवाने आणि विद्येने संपन्न होते. परंतु ते ‘पिराली’ ब्राह्मण मानले जात. मुस्लिम अधिकाऱ्याशी आलेल्या संबंधामुळे त्यांचे पूर्वज बाटले, असा समज होता. म्हणून इतर कुलीन घराणी त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. ठाकुरांच्या पुष्कळशा सुना जेसोरकडील मोजक्या पिराली कुटुंबांतून आल्या. द्वारकानाथांच्या पत्नी दिगंबरीदेवी आणि पुढे सातारा येथे न्यायाधीश झालेले त्यांचे नातू सत्येंद्रनाथ यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी, दोघीही नरेंद्रपूरच्या. रवींद्रनाथांची आई सारदादेवी दक्षिणडिहीची. १८८३ मध्ये त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या मृणालिनीदेवीही तेथल्याच. अशा मोजक्या घरांतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत राहिली, की वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतू लागतात.

याच शहरातील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५७ मध्ये आनुवंशिकीचे विख्यात शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन दाखल झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आंध्र प्रदेशातील नात्यांतर्गत विवाहांचा अभ्यास झाला. प्रत्येक माणसात काही सदोष जनुके सुप्त असतात. आईवडिलांचा पूर्वज एकच असेल, तर तेच जनुक दोन्हीकडून अपत्यात येण्याची शक्यता वाढते.

बहिष्कारामागे कुळाची शुद्धता राखण्याचा हेतू होता. प्रत्यक्षात त्याने विवाहाचे वर्तुळ तेवढे आवळले. शिवाय पुरेशा पिढ्या मागे गेल्यास बहिष्कार घालणारे आणि बहिष्कृत यांच्या वंशवृक्षांत तीच माणसे भेटतात. सुरुवातीच्या हिशेबाचा अर्थ हाच आहे.

स्वाध्याय
१. आठ पणजी-पणजोबांऐवजी सहाच केव्हा भरतात? आकृती काढून दाखवा.
२. ‘शुद्ध कुळ’ ही कल्पना पूर्वजांच्या हिशेबापुढे का टिकत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.