हिमेजीचा जिना आणि विम्याचा कागद

कोबेत राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात माझ्या फोनवर एकाच धाटणीचे निरोप यायला लागतात. आईबाबांना जपान दाखवायचंय, साकुरा नेमका कधी फुलतो, रेल्वेचा पास काढायचा का, शाकाहारी माणसाचे हाल होतात का. सगळ्यांना मी उत्तरं देते, पण त्याआधी दोन गोष्टी विचारून घेते. त्यांचे गुडघे कसे आहेत, आणि प्रवासाचा विमा कुठला काढलाय? काहींना हे अपशकुनी वाटतं. तरी मी विचारतेच. हिमेजीच्या किल्ल्यात माझ्या सासूबाईंचं मनगट मोडलं, आणि त्यानंतर आम्हाला जे निस्तरावं लागलं ते आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

किल्ला म्हटला की मराठी माणूस थांबत नाही. सासूबाई साताऱ्याच्या, अजिंक्यतारा आणि सज्जनगड चढत मोठ्या झालेल्या. पण आपला गड म्हणजे डोंगर, दगडी पायऱ्या, मोकळा वारा, आणि दमलं की बसायला कठडा. जपानी किल्ल्यात दगडाचं काम खालच्या जोत्यापुरतं. त्यावर उभा असतो तो 'तेन्शु', किल्ल्याचा मुख्य मनोरा, आणि तो लाकडाचा. १८७३ मध्ये मेइजी सरकारने बहुतेक किल्ले निकालात काढले, तेव्हा असे कितीतरी मनोरे पाडले गेले. जे उरले त्यातले काही १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाले. जुन्या काळापासून टिकलेले तेन्शु आज देशभरात १२ आहेत. ओसाकाचा देखणा किल्ला १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला, आत लिफ्ट आणि संग्रहालय. नागोयाचा तेन्शु १९४५ मध्ये जळाला, १९५९ मध्ये काँक्रीटचा झाला, आणि २०१८ पासून त्यात प्रवेशच बंद आहे. कुठला किल्ला किती जुना, हे वयस्कर माणसाला नेताना आधी पाहा. जितका अस्सल, तितका उभा जिना.

हिमेजीचा तेन्शु इकेदा तेरुमासाने १६०९ मध्ये पुरा केला. जुलै १९४५ मध्ये भोवतालचं शहर बेचिराख झालं, पण तो वाचला. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत आणि खाली तळघर. तळापासून वरपर्यंत गेलेले दोन अजस्र खांब आहेत. त्यांना हात लावून उभं राहिलं की चारशे वर्षांपूर्वीच्या सुतारांपुढे मान आपोआप झुकते. तो पाहू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण हे घर लढाईसाठी बांधलेलं आहे, पाहुण्यांसाठी नव्हे. जिने अरुंद आणि शिडीसारखे. मात्सुमोतोच्या किल्ल्यातला एक जिना तर ६१ अंशांचा आहे. लिफ्ट नाही. शिवाय बूट दारात काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात धरून वर जायचं.

घात झाला तो इथेच. चढताना सासूबाई व्यवस्थित चढल्या. वरच्या छोट्या देवळापुढे हात जोडले, खिडकीतून गाव पाहिलं. उतरताना मागून माणसांची रांग येत होती. एका हातात बुटांची पिशवी, म्हणून कठड्याला एकच हात. पायात नवे मोजे, आणि शतकानुशतकांच्या पावलांनी आरशासारखी गुळगुळीत झालेली पायरी. मी खालून "आई, थांबा, पाठमोऱ्या उतरा" म्हणतेय तोवर त्यांचा पाय सरकला. तीन-चारच पायऱ्या, पण सगळा भार पडला तो टेकलेल्या उजव्या हातावर.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, की बूट मावतील अशी पाठीवरची सॅक घेऊन जा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे जपानमध्ये सहज मिळतात, ते घाला. उतरताना तोंड जिन्याकडे ठेवा आणि घरातला एक माणूस दोन पायऱ्या खाली असू द्या. सकाळी दार उघडतानाच आत जा, म्हणजे मागून लोंढा नसतो. आणि ज्यांचा गुडघा कुरकुरतो त्यांनी तेन्शुत न शिरता सान्नोमारूच्या मैदानातून तो पाहावा आणि शेजारच्या कोकोएन बागेत निवांत बसावं. पांढऱ्या भिंतींचा तो सगळा डौल खालूनच दिसतो.

किल्ल्यातल्या कर्मचाऱ्यांनी आईंना ज्या हळुवारपणे खाली आणलं त्याबद्दल मी ऋणी आहे. त्यांनीच ११९ ला फोन केला. अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन यांचा हा एकच नंबर, पोलिसांचा ११०. अॅम्ब्युलन्सचे पैसे पडत नाहीत. पण ती आली की लगेच निघते असं नाही. गाडी जागेवर उभी ठेवून आतली माणसं एकेका इस्पितळाला फोन करतात आणि कुणी घ्यायला तयार झालं की मगच हलतात. तोवर प्रश्न सुरू असतात. वय, रक्तदाब, कुठल्या गोळ्या, कशाची अॅलर्जी, आधीची शस्त्रक्रिया. आईंच्या गोळ्यांची नावं नवऱ्याला आठवेनात, मला काही आठवली, काही नाही. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या पाकिटात आम्ही एक कागद ठेवतो. त्यावर औषधांची मूळ नावं, आजार आणि आमचा फोन नंबर, इंग्रजीत आणि जपानीत.

तो रविवार होता. जपानमध्ये रविवारी बहुतेक दवाखाने बंद, पाळीवर असलेलं इस्पितळ तेवढं उघडं. तिथे एक्स-रे काढला, हाड बसवलं, 'गिपुसु' म्हणजे प्लॅस्टर घातलं. हिशेबाची खिडकी मात्र बंद, म्हणून अनामत रक्कम भरा आणि बिलासाठी आठवड्यात पुन्हा या, असं सांगितलं. इथे राहणाऱ्या परदेशी माणसाला तीन महिन्यांहून जास्त मुक्काम असला की सरकारी आरोग्य विम्यात यावंच लागतं. खर्चाचे ३० टक्के आपण भरायचे, उरलेले विमा भरतो. पण ९० दिवसांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना त्यात जागा नाही. त्यांचं बिल पूर्ण, आणि विमा नसलेल्या परदेशी रुग्णासाठी इस्पितळ दर स्वतः ठरवू शकतं, कधी दुप्पट, कधी त्याहून जास्त. बिल पाहून नवऱ्याने न बोलता क्रेडिट कार्ड पुढे केलं.

विमा होता की. पुण्याच्या एजंटने तो देताना "कॅशलेस आहे, निर्धास्त जा" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. इस्पितळातल्या बाईंनी ते कार्ड उलटसुलट पाहिलं आणि नम्रपणे परत दिलं. परदेशी विमा कंपनीशी त्यांचा थेट व्यवहार नव्हता. आधी आपण भरायचं आणि मग परतावा मागायचा. त्यासाठी मूळ पावत्या लागतात आणि 'शिंदानशो', म्हणजे निदानाचा दाखला लागतो. त्याचे पैसे वेगळे, आणि तो मिळायलाही दिवस जातात. म्हणून पहिल्याच भेटीत तो मागा आणि इंग्रजीत मिळेल का तेही विचारा. एजंटच्या शब्दावर राहू नका. जपानमधली कुठली इस्पितळं थेट पैसे घेतात याची यादी कंपनीकडून ईमेलवर मागवा आणि कंपनीचा चोवीस तासांचा फोन उपचाराआधी लावा. विमा न काढताच कुणी येऊन पोहोचलं असेल, तर जपानी कंपन्या पाहुण्यांना इथे आल्यावरही ऑनलाइन पॉलिसी देतात. बिल बुडवून जाण्याचा विचार कुणी करू नये. थकलेलं बिल इमिग्रेशनला कळवलं जाऊ शकतं आणि पुढच्या वेळी दारातच अडवलं जाऊ शकतं.

एका परिचितांनी तेव्हा सुचवलं होतं, की घराजवळ 'सेक्कोत्सुइन' आहे, तिथे हाड बसवतात, स्वस्तात पडेल. तिथे बसणारे लोक परवानाधारक असतात, पण डॉक्टर नसतात आणि त्यांना एक्स-रे काढता येत नाही. पडल्यावर पहिल्यांदा जायचं ते 'सेइकेइ-गेका'त, अस्थिरोगाच्या डॉक्टरकडे. कुठे जावं कळेनासं झालं तर जपानच्या पर्यटन संस्थेची ०५०-३८१६-२७८७ ही हॉटलाइन रात्रंदिवस सुरू असते आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं.

औषधांचीही तयारी निघण्याआधीच करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं एका महिन्यापुरती बिनबोभाट आणता येतात. तीन महिन्यांचा साठा आणायचा असेल तर निघण्याआधी 'युन्यु काकुनिन-शो' नावाची परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरलेल्या प्रमाणाबाहेर ही दोन्ही आगाऊ परवानगीशिवाय इथे आणता येत नाहीत, मग चिठ्ठी असो वा नसो. आणि लेकीसाठी सामानात हापूस घालू नका. प्रक्रिया आणि तपासणी झालेला आंबाच या देशात येऊ शकतो, बाकीचा विमानतळावर जप्त होतो.

प्लॅस्टर घातल्यावरही आई स्वस्थ बसायला तयार नव्हत्या, आणि हा जुना जपान सपाट जमिनीवरही केवढा आहे ते मला तेव्हा कळलं. क्योतोच्या निजो किल्ल्यातला निनोमारू राजवाडा एकमजली आहे. १८६७ मध्ये शेवटच्या शोगुनने सत्ता सोडत असल्याचं इथेच जाहीर केलं. चालताना पायाखालची जमीन चिवचिवते. नाराच्या तोदाइ-जीतल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये ज्याने उघडले तो बोधिसेन भारतातून आलेला भिक्षू होता, हे सांगितल्यावर आई प्लॅस्टरचा हात छातीशी धरून कितीतरी वेळ त्या मूर्तीकडे पाहत राहिल्या. आणि होर्यू-जी! तिथल्या सुवर्णमंदिरातल्या भित्तिचित्रांचं अजिंठ्याशी नातं अभ्यासक कधीपासून सांगत आलेत. २६ जानेवारी १९४९ ला ती आगीत होरपळली, त्या हळहळीतून पुढच्या वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारीला आजही देशभर देवळांतून आग विझवण्याची कवायत होते. आज दिसतात त्या भिंतींवरच्या प्रतिकृती. अजिंठा पाहिलेल्या माणसाला मात्र त्या ओळखीच्या वाटतात. या सगळ्या ठिकाणी जिने थोडे, पण वाटा खडीच्या. चाकाची खुर्ची खडीत रुतते, म्हणून ढकलायला दोघं असावेत.

जेवणाचा प्रश्न एका ओळीत सांगते. मिसो सूप आणि साध्या दिसणाऱ्या भाज्यांतही बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांनी देवळातलं 'शोजिन-र्योरी' आधी सांगून ठेवावं. रेल्वेपासाचंही थोडक्यात. देशभराचा पास पर्यटकांच्या शिक्क्यावरच मिळतो, इथे राहणाऱ्या मुलाला किंवा सुनेला नाही. २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासाचा भाव २९,६५० येनवरून ५०,००० झाला. कोबे, हिमेजी, क्योतो, नारा एवढंच करायचं असेल तर कान्साइपुरते छोटे पास पुरतात. वाचलेले पैसे चांगल्या विम्यात घाला.

आमचा परतावा शेवटी मिळाला, आई साताऱ्याला पोहोचल्यावर बऱ्याच महिन्यांनी आणि अनामत रकमेच्या पावतीसकट प्रत्येक मूळ कागद मागून घेतल्यावर. कंपनीकडे काहीही पाठवण्याआधी त्या सगळ्यांचे फोटो काढून ठेवा.