लोकशाहीची घसरण गावात कशी ओळखावी?

प्रश्न : जगात युद्धं पेटली आहेत, लोकशाही मागे हटते आहे, असं रोज ऐकतो. आपल्याकडे तर मतदान होतंच. मग ही घसरण आमच्यासारख्यांना कळणार कशी?
— एक वाचक, शहागड (ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. ती घसरण साऱ्या जगाला दिसली. हंगेरीत २०१० नंतर निवडणुका होत राहिल्या, पण न्यायालयं आणि माध्यमांवरची सरकारची पकड घट्ट होत गेली. ही दुसरी घसरण चटकन लक्षात येत नाही. म्हणून मतदानासोबत आणखी एक गोष्ट तपासावी : दोन निवडणुकांच्या मधल्या काळात जाब कोणाला विचारता येतो?

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. जालना जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं राज्यघटनेचं कलम २४३-ई सांगतं. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात होते, हे खरं. पण राज्यभरच्या रखडलेल्या निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो ६ मे २०२५ रोजी. तोवर तीन वर्षं उलटली होती. शाळेची गळकी खोली, आरोग्य केंद्रातली रिकामी जागा, उखडलेला रस्ता यांबद्दल ज्याला वाटेत अडवून विचारावं, तो आपल्या गटाचा सदस्यच या काळात नव्हता. अधिकारी कितीही चांगला असो, त्याला आपल्या दारी मतं मागायला यायचं नसतं.

जगातल्या उलथापालथीचा इथे थेट संबंध येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. गिरण्यांना दिलासा मिळाला. कापूस उत्पादकाला मात्र ऐन हंगामाच्या तोंडावर भावाची धास्ती लागली. काळ अस्थिर असला की निर्णय झटपट आणि दूरवर होतात. अशा वेळी शेतकऱ्याचं म्हणणं वर पोचवणारी प्रत्येक पायरी शाबूत हवी. खालची पायरीच रिकामी राहिली, तर वरच्यांना आपलं ऐकण्याची सवय उरत नाही.

तेव्हा ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. कोरमअभावी ती तहकूब होऊ देऊ नका, ठराव नोंदवून घ्या. खर्चाचा हिशेब माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. निवडणूक लांबली, तर पक्ष न पाहता तारीख विचारा. आपल्या बाजूची माणसं सत्तेत असतानाही जो हा प्रश्न विचारतो, तोच लोकशाहीचा खरा राखणदार.