यांत्रिक करवत

जाड लोखंडी सळई हाताने कापणे कष्टाचे असते. म्हणून कारखान्यात विजेवर चालणारी करवत वापरतात. तिचे पाते एकसारखे पुढेमागे सरकते. बहुतेक यंत्रांत ते मागे येताना धातू कापते व पुढे जाताना किंचित उचलले जाते. त्यामुळे दाते लवकर बोथट होत नाहीत.

यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा असलाच पाहिजे, असे भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरविले. परंतु पाते जेथे धातूला भिडते, ती जागा उघडीच ठेवावी लागते. तेथे कारागिराची सावधगिरी हाच आडोसा होय.

कुशल कारागीर यंत्र सुरू करण्यापूर्वी सळई शेगड्यात घट्ट आवळतो व लांब सळईच्या टोकाला आधार देतो. डोळ्यांवर तो संरक्षक चष्मा लावतो; हातमोजे मात्र चालत्या पात्याजवळ घालीत नाही. मोजा दात्यांत अडकला, तर त्याबरोबर हातही ओढला जातो. माप घ्यावयाचे असो वा कीस काढावयाचा असो, तो आधी यंत्र थांबवितो. पाते स्थिर झाल्यावरच तो कुंचल्याने कीस झाडतो.

थांबण्यात गेलेला वेळ भरून काढता येतो. गेलेले बोट परत येत नाही.