आधी लॉग वाचा

सोयाबीनच्या हंगामात भोकरच्या मोंढ्यात मान वर करायला सवड नसते. २०२१ च्या अशाच दिवसांत एका आडत दुकानाचा सर्व्हर मी रात्रीतून प्रॉक्समॉक्स ६ वरून ७ वर नेला. मशीन एकच, आत तीन कंटेनर. सकाळी दोन उठले. हिशेबाचा कंटेनर ‘चालू’ दाखवत होता, पण कन्सोल कोरा आणि नेटवर्क बंद.

बाहेर पट्टीसाठी शेतकरी खोळंबलेले. मी घाबरलो आणि कंटेनरच बिघडला असं ठरवून टाकलं. त्याच्यावरच चार दिवसांपूर्वीचा बॅकअप रिस्टोअर केला. असं केलं की आधीची डिस्क पुसली जाते. चार दिवसांच्या नोंदी गेल्या आणि नवा कंटेनरही तसाच मुका. कागदी पट्ट्या काढून आम्ही तिघं तीन रात्री बसलो. मुनीमकाका एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

दोष कंटेनरमध्ये नव्हताच. वाड्यात बिऱ्हाडं वेगळी असली तरी आड एकच असतो, तसा सगळ्या कंटेनरांना कर्नल एकच, मुख्य सर्व्हरचा. आवृत्ती ७ पासून तिथं सीग्रुपची, म्हणजे प्रोसेसना साधनं वाटून देणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेची, दुसरी पद्धत आपोआप लागू झाली. आमचा कंटेनर सेंटओएस ७ चा. त्यातली सिस्टमडी २१९, म्हणजे २०१५ ची. तिला ही पद्धत कळत नाही. सर्व्हरच्या बूट ओळीत जुनी पद्धत परत चालू करणारा पर्याय घातला, रीबूट केलं, कंटेनर उठला. अपडेटआधी चालवायची ‘पीव्हीई ६ टू ७’ ही तपासणी प्रॉक्समॉक्सनेच दिलेली होती. मी ती चालवलीच नव्हती. जुन्या पद्धतीचा हा आधार आवृत्ती ९ मध्ये काढला आहे आणि सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. म्हणून असे कंटेनर आता नव्या प्रणालीवर हलवाच.

कंटेनर उठला नाही तर पहिला हात रिस्टोअरकडे जाऊ देऊ नका. तो बंद करून आहे त्या अवस्थेचा बॅकअप घ्या. मग ‘पीसीटी स्टार्ट’ला डीबग जोडून चालवा, नुसतं एलएक्ससी असेल तर ‘एलएक्ससी-स्टार्ट’ समोरच्या पडद्यावर चालवा आणि लॉग फाइलीत घ्या. शेवटची ओळ बहुतेकदा परिणाम सांगते, कारण तिच्या वर चार-पाच ओळींत असतं.

आपल्याकडे लाईट जाते. बॅकअप चालू असतानाच गेली तर कंटेनरवर कुलूप राहतं आणि ‘लॉक्ड’ अशी एरर येते. दुसरा बॅकअप चालू नाही याची खात्री करूनच ‘पीसीटी अनलॉक’ द्या. फाइल सिस्टिमची तक्रार असेल तर कंटेनर बंद ठेवून ‘पीसीटी एफएससीके’ चालवा. डिस्क भरली का ते बघताना आयनोडही बघा. लाखो बारीक फाइलींनी जागा शिल्लक असूनही ते संपतात. आणि विनाअधिकार कंटेनरमध्ये बाहेरून फाइली टाकल्या असतील तर मालकी तपासा: आतला रूट बाहेर १००००० क्रमांकाचा असतो.

हंगामात अपडेट करू नका. करायचंच तर आदल्या संध्याकाळचा बॅकअप वेगळ्या क्रमांकाच्या कंटेनरवर रिस्टोअर करून तो उठतो का, हे आधी बघा.