क्रॉस-लिंकिंगनंतरचा पहिला स्कॅन

प्रश्न : केराटोकोनससाठी, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्यावर, क्रॉस-लिंकिंग केले. महिन्याने काढलेल्या टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेच्या नकाशात, आकडा वाढलेला आला. उपचार फसला का?

उत्तर : पहिल्या महिन्याच्या नकाशावरून उपचाराचा निकाल ठरत नाही. उपचारावेळी खरवडून काढलेला कॉर्नियाचा वरचा थर, म्हणजे एपिथेलियम, नव्याने येऊन अजून नीट बसत असतो. त्यामुळे सर्वाधिक वक्रतेचा आकडा, ‘के-मॅक्स’, आधी थोडा चढतो. ३ ते ६ महिन्यांत तो पूर्वपदावर येतो आणि पुढे बहुधा किंचित उतरतोही. जाडीच्या आकड्यावरही लगेच विसंबू नये. या काळात कॉर्नियावर हलकी धुरकट छटा असते आणि तिच्यामुळे नकाशा काढणारा शाइम्पफ्लुग कॅमेरा जाडी प्रत्यक्षाहून कमी दाखवतो; ओसीटीचे, म्हणजे प्रकाशाने कॉर्नियाचे छेदचित्र काढणाऱ्या तपासणीचे, माप तेव्हा अधिक भरवशाचे.

ओसीटीत साधारण ३०० मायक्रॉन खोलीवर एक फिकट रेषा दिसते. क्रॉस-लिंकिंगमध्ये वापरलेल्या रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचा परिणाम कुठवर पोचला, याची ती खूण. ती व्रण नव्हे. काही महिन्यांत पुसट होते. रेषा खोल म्हणजे गुण जास्त, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

तुलना उपचारापूर्वीच्या नकाशाशी, त्याच यंत्रावर, आणि कॉन्टॅक्ट लेन्स पुरेसे दिवस बंद ठेवूनच व्हावी. वर्षभरानंतरही के-मॅक्स १ डायॉप्टरहून अधिक वाढला, तर फेरउपचाराचा विचार होतो.