खेळानं हात तयार होतो का?

प्रश्न : मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवतो. फळ्यावर सर्किट काढलं की अर्धा वर्ग पेंगतो. खेळातून शिकवा, असं हल्ली जो तो सांगतो. पण विजेचं काम म्हणजे पोरखेळ नव्हे. खेळानं खरंच हात तयार होतो का?
— एक निदेशक, कळंब

उत्तर : हात तयार होतो तो सरावानंच. खेळ एवढंच करतो, की तोच सराव दहा वेळा करायचा कंटाळा येत नाही.

तुमच्याच तालुक्यातला 2017 चा उन्हाळा आठवा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये कळंब, भूम आणि परंडा तालुके उतरले होते. 8 एप्रिल ते 22 मे, गावागावांत पाणी अडवण्या-जिरवण्याची 45 दिवसांची स्पर्धा. शिकायचं होतं ते अस्सल तांत्रिक : माथा ते पायथा उपचार, समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), पाण्याचा ताळेबंद. शिकणाऱ्यांत शाळा सुटून कित्येक वर्षं झालेली माणसं. त्यांच्यासाठी प्रशिक्षणात खेळ होते, चित्रफिती होत्या आणि शिवारातला सरावही होता.

समतल रेषा चुकली, तर चरात पाणी एका अंगाला जमतं आणि तिथूनच चर फुटतो. ही चूक पावसाळ्यात कळली तर मेहनत वाहून जाते. सरावात कळली तर चारजण हसतात आणि पुन्हा मोजतात. गवंड्याच्या लेव्हल पाइपातलं पाणी जागच्या जागी निकाल देतं, गुरुजींनी वही तपासायची वाट बघावी लागत नाही. चूक स्वस्त आणि निकाल ताबडतोब, खेळाची सगळी ताकद एवढ्यात आहे.

विमान चालवायलाही माणसं अशीच शिकली. अमेरिकेत एडविन लिंक यांनी 1929 मध्ये जमिनीवरच डुलणारं छोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीच्या बागांत विकलं गेलं. टपाल नेणारे वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा 1934 मध्ये लष्करानं तेच खेळणं प्रशिक्षणासाठी विकत घेतलं.

आता तुमचा वर्ग. लाकडी बोर्डावर 12 व्होल्टचं सर्किट जोडा आणि एकच दोष लपवा : उडालेला फ्यूज, सैल स्क्रू किंवा आतून तुटलेली वायर. तिघातिघांचे गट करा, हाती मल्टिमीटर द्या. कमीत कमी तपासण्यांत दोष सांगेल तो गट जिंकला. घड्याळ मात्र लावू नका. वेळेवर गुण दिले की मुलं अंदाजानं वायरी ओढू लागतात, आणि उद्या खऱ्या खांबावर तीच सवय जिवावर बेतेल. शेवटी हरलेल्या गटालाच विचारा, आधी कुठं तपासलं आणि का? खरा तास तिथं सुरू होतो. पुढच्या वेळी दोष लपवायचं काम त्याच गटाला द्या; लपवायला बसलेलं पोरगं सर्किट पाठ करूनच उठतं.