मिरजेचा तंबोरा

मुलांनो, तुम्हांला काही ना काही जमवायचा छंद असेलच. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी शंखशिंपले. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ होते. लोक त्यांना प्रेमाने काका केळकर म्हणत. त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद होता. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे आणि कितीतरी वाद्ये त्यांनी जमवली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी आपल्या संग्रहाला राजाचे नाव दिले. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेच पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय.

तुम्ही तेथे गेलात, तर वाद्ये नीट पाहा. ती सुंदर आहेत; पण मुकी आहेत. ती पाहून तुमच्या मनात येईल, ही कोणी बरे केली असतील? यांचा आवाज कसा असेल? आपल्याही घरी असे एखादे वाद्य आणता येईल का?

याचे उत्तर शोधायला आपण सांगली जिल्ह्यातील मिरजेला जाऊ या. मिरजेत सतारी आणि तंबोरे हाताने तयार करतात. तंबोरा गाताना साथीला घेतात. त्याला चार तारा असतात. त्या एकामागून एक छेडत राहिले, की सुरांची एक अखंड धार सुरू होते. गवई त्या सुरांच्या आधाराने गातो.

हे कारागीर मूळचे शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे. पुढे इंग्रजांचे राज्य आले. संस्थानांच्या लढाया थांबल्या. तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. हातांत कसब होते, पण हातांना काम नव्हते! त्या वेळी मिरज संस्थानात पटवर्धन राजे होते. त्यांना गाण्याची आवड होती. त्यांच्याकडे गवई, वादक येत. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्ये बनवण्याचे काम हाती घेतले. जे हात तलवारीला धार लावत होते, ते आता तारेला सूर लावू लागले. पुढे या घराण्यातील लोकांना सतारमेकर हे आडनावच पडले.

आता तंबोरा कसा तयार होतो ते पाहू. गिटार तुम्ही पाहिली असेल. तिचे पोट लाकडाचे असते. तंबोऱ्याचे पोट मात्र भोपळ्याचे असते. गोष्टीतली म्हातारी लेकीच्या घरून ज्यात बसून आली, तो भोपळा तुम्हांला आठवेल. हा भोपळा मात्र खायचा नव्हे. तो कडू असतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढे या भागांतले शेतकरी तो पिकवतात. वेलावर पिकला, की तो चांगला वाळवतात. वाळला, की साल लाकडासारखी टणक होते आणि भोपळा हलका होतो.

कारागीर असे भोपळे पारखून घेतो. तो भोपळा पाण्यात भिजवतो, कापतो, आतल्या बिया व गर काढून टाकतो आणि पुन्हा वाळवतो. मग त्याला लाकडाची लांब, पोकळ दांडी जोडतो. त्यासाठी तून नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवतात. दांडीच्या टोकाला तारा ताणण्यासाठी खुंट्या लावतात. नक्षी काढतात, रंग देतात. मग तारा चढवतात.

आता तंबोरा तयार झाला असे तुम्हांला वाटेल. पण खरे अवघड काम पुढेच आहे. तबलीवर एक छोटी घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. कारागीर घोडीचा माथा कानसीने थोडा थोडा घासतो, तार छेडतो, कान लावून ऐकतो आणि पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतो. धागा जरासा हलला तरी आवाज बदलतो. योग्य जागा सापडली, की तार एकदम झंकारू लागते. याला 'जवारी लावणे' म्हणतात. येथे फूटपट्टी चालत नाही. कानानेच मोजावे लागते. हा कान एका दिवसात तयार होत नाही. वडिलांच्या शेजारी बसून ऐकता ऐकता तो तयार होतो.

थोर गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत. वाद्यांची दुरुस्ती त्यांना स्वतःलाही येत असे. १९३७ साली ते वारले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गायक-वादक येऊन आपली कला सादर करतात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेचे हे नाव आता दुसरीकडच्या वाद्याला लावता येत नाही. कारागिरांचा हा मोठाच मान आहे. पण त्यांना एक काळजीही आहे. आता तंबोऱ्यासारखा आवाज देणारी विजेवरची यंत्रे निघाली आहेत. मोबाइलवरही तो आवाज ऐकता येतो. प्रवासात यंत्राची सोय होते, हे खरे. पण तंबोरा कोणी मागितलाच नाही, तर जवारी लावायला नवी मुले कशाला शिकतील? तलवारी गेल्या, तेव्हा त्या हातांना तंबोरा सापडला. तंबोरा गेला, तर त्यांनी काय करावे?

म्हणून कधी तुमच्या घरी किंवा शाळेत हाताने घडवलेला तंबोरा आला, तर तो नुसता शोभेला ठेवू नका. त्याला उन्हात ठेवू नका. भोपळ्याला धक्का लागू देऊ नका. वाजवून झाल्यावर गवसणी घाला. आणि दुसऱ्या दिवशी ती गवसणी पुन्हा काढा! तारा जुळवा, छेडा, ऐका. त्या झंकारात भोपळा पिकवणारा शेतकरी आहे, दांडी कोरणारा सुतार आहे आणि कान लावून बसलेला मिरजेचा कारागीर आहे. वाद्य वाजत राहिले, तरच त्यांचे काम चालू राहील.

स्वाध्याय

१. शिकलगारांनी आपला धंदा का बदलला?
२. जवारी लावताना फूटपट्टी का चालत नाही?
३. 'गवसणी' म्हणजे वाद्यावर घालायचे आवरण. मग 'आकाशाला गवसणी घालणे' या वाक्प्रचाराचा अर्थ काय असेल? वाक्यात उपयोग करा.
४. करून पाहा : एक रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. मग तोच रिकाम्या डब्याच्या उघड्या तोंडावर ताणून छेडा. कोणता आवाज मोठा येतो? तंबोऱ्याचा भोपळा पोकळ का असतो, ते आता सांगा.
५. तुमच्या गावात हाताने वस्तू घडवणारे कोण आहेत? त्यांना भेटा. ते हे काम कोणाकडून शिकले आणि आता कोणाला शिकवतात, ते विचारून लिहा.